दोन पाइप, दोन कप्पे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

आरव्हीचे, म्हणजे तुझ्या चाकांवरच्या घराचे, फोटो पाहिले. पडदे झकास. पण मैल्याच्या टाकीबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस. हा विषय फोनवर निघत नाही, जेवताना तर नाहीच, म्हणून लिहितोय.

प्यायचं पाणी भरायचा पाइप वेगळा आणि टाकी धुवायचा वेगळा. पिण्याचा बहुधा पांढरा किंवा निळा असतो, त्यावर तसं लिहिलेलंही असतं. धुवायला बागेचा साधा पाइप चालेल, फक्त रंग असा घे की पावसात, अर्धवट झोपेतही ओळखू यावा. नारिंगी उत्तम. दोन्हींची टोकं एकाच मापाची, एकाच्या जागी दुसरा निमूट बसतो, खरी गोम ती! म्हणून कप्पेही वेगळे ठेव. टाक्या रिकाम्या करायच्या जागी जो नळ असतो, तो फक्त धुण्यापुरता. आधीच्या माणसाने आपला बरबटलेला पाइप त्याच नळाला टेकवला नसेल कशावरून?

मैला सोडायचा जाड पाइप तीन इंची असतो. त्याच्या तोंडाशी पारदर्शक कोपर, म्हणजे वळणाचा तुकडा, लाव. आधी संडासाची टाकी सोड, मग मोरी-बेसिनची. साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. संडासाची टाकी निदान दोन-तृतीयांश भरेपर्यंत झडप उघडू नकोस. सतत उघडी ठेवली की पाणी निघून जातं आणि घट्ट ते आत ढिगासारखं बसतं. मग खरवडत बस.

आता धुणं. टाकीला बाहेरून पाणी सोडायचं वेगळं तोंड असतं, तिथे नारिंगी पाइप लाव. पण आधी संडासाची झडप उघडी आहे ना, हे वाकून बघ. मी एकदा झडप बंद ठेवून नळ सोडला आणि शेजाऱ्याशी गप्पा मारत बसलो. आतून आधी गुडगुड ऐकू आली, मग तुझ्या आईची हाक. संडासाच्या भांड्यातून काय वर आलं ते लिहीत नाही. आई अजूनही तो शेजारी आठवला की माझ्याकडेच बघते.

कोपरात पाणी आधी काळपट दिसेल, मग चहासारखं, मग नितळ. चहाच्या रंगावर कंटाळून नळ बंद करू नकोस, नितळ झाल्यावर आणखी थोडा वेळ चालू दे. नळावर उलटं पाणी रोखणारी छोटी जोडणीही लाव, नळाचा दाब कमी झाला तर घाण नळात शिरत नाही.

आवरताना पाइप उंच धरून निथळव आणि दोन्ही टोकं एकमेकांत अडकवून टाक, म्हणजे कप्प्यात ठिबकत नाही. हातमोजे काढ, हात धू, आणि मगच पांढऱ्या पाइपाला हात लाव.

वॉशर हरवतातच. चार जास्तीचे पाठवतोय, हातमोज्यांच्या खोक्यात तळाशी आहेत.

तुझा,
बाबा