लाल शाईच्या नोंदींवर घरी पाठवलेल्या जवानांची सुनावणी नागपुरात व्हावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतलेल्या जवानाची उघड्या जीपमधून मिरवणूक निघाल्याच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात वरचेवर येतात आणि त्या वाचून ऊर भरून येतो. परंतु ज्यांना पेन्शनीला पात्र होण्याआधीच ‘सेवेची आवश्यकता उरली नाही’ असा शेरा मारून घरी पाठवले जाते, ते रात्रीच्या गाडीने उतरतात आणि गावात कोणी विचारलेच तर ‘नोकरी सोडून आलो’ एवढेच सांगतात. मी सैन्यात लेखनिक होतो, सुभेदार पदावरून निवृत्त झालो आणि आता कामठी रोडवर राहतो. पलटणीचे कागद वाचण्याची सवय असल्यामुळे असे जवान, किंवा बहुतेक वेळा त्यांच्या बायका, कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे येतात. त्या कागदांतून जे दिसते ते वाचकांपुढे आणि विशेषतः विदर्भातील लोकप्रतिनिधींपुढे मांडावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

जवानाच्या हातून शिस्तभंग झाला की त्याला मिळालेली शिक्षा त्याच्या कंडक्ट शीटवर, म्हणजे वर्तनाच्या नोंदपत्रकावर, नोंदवली जाते. किरकोळ शिक्षा काळ्या शाईने लिहितात, तर गंभीर शिक्षा लाल शाईने. आर्मी अ‍ॅक्ट, 1950 च्या कलम 80 नुसार कमांडिंग ऑफिसरला कोर्ट मार्शल (लष्करी न्यायालय) न भरवता 28 दिवसांपर्यंतची कैद देता येते. अशा चार लाल नोंदी झाल्या की तो जवान सुधारण्यापलीकडचा ठरवून त्याला डिस्चार्ज देण्याची, म्हणजे सेवेतून कमी करण्याची, प्रक्रिया सुरू होऊ शकते. वायुसेनेतही वारंवार शिक्षा झालेल्यांना काढण्याचे असेच धोरण आहे. या नोंदी बहुतेक वेळा चोरीच्या किंवा मारामारीच्या असतील असे बाहेरच्या माणसाला वाटते. माझ्यापुढे आलेल्या कागदांत मात्र सर्वांत जास्त वेळा दिसलेला गुन्हा म्हणजे रजा संपल्यावर उशिरा हजर होणे, ज्याला फौजी भाषेत ‘ओव्हरस्टे’ म्हणतात.

मौदा तालुक्यातील एका जवानाची शीट मी नीट वाचली आहे. पहिली नोंद जूनमधली आहे, म्हणजे पेरणीच्या दिवसांतली. दुसरी बायकोच्या बाळंतपणातली, तिसरी वडिलांच्या आजारपणातली. तिन्ही वेळा तो स्वतःहून हजर झाला होता, हेही त्याच शीटवर लिहिलेले आहे. चौथी नोंद दारू पिऊन रोल कॉलला आल्याची असून ती बर्फातल्या चौकीवरून खाली उतरल्यानंतर काही आठवड्यांतली आहे. डिस्चार्जच्या आधी त्याला जी कारणे दाखवा नोटीस मिळाली तिच्या उत्तरात हिंदीत एकच वाक्य आहे, ‘माझी चूक झाली, मला माफ करण्यात यावे’, आणि त्या वाक्याचे अक्षर त्याचे नाही, खालची सही तेवढी त्याची आहे. पेरणी, बाळंतपण, वडिलांचा आजार, बर्फातली चौकी यांपैकी एकाही गोष्टीचा त्या उत्तरात उल्लेख नाही. हा माणूस आज वर्धा रोडवरील एका इमारतीच्या फाटकावर बारा तासांची पाळी करतो.

अशा डिस्चार्जने काय जाते हे सांगितले पाहिजे, कारण अनेकांना वाटते की फार तर नोकरी गेली. जवानाला पेन्शनसाठी 15 वर्षांची सेवा लागते. त्याआधी काढले तर पेन्शन नाही, आणि कोर्ट मार्शलने किंवा प्रशासकीय आदेशाने बडतर्फ केले असेल तर आधीच्या सगळ्या सेवेचे पेन्शन व ग्रॅच्युइटीही जाते. अपवादात्मक प्रकरणी राष्ट्रपतींच्या अधिकारात ते देता येते, पण तसा अर्ज करावा लागतो हेच बहुतेकांना माहीत नसते. गैरवर्तन किंवा अकार्यक्षमता या कारणावरून काढलेला माणूस सरकारी व्याख्येत ‘माजी सैनिक’ ठरत नाही. त्यामुळे ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे उपचार नाहीत, कॅन्टीन कार्ड नाही, राज्य सरकारच्या नोकऱ्यांतील माजी सैनिकांच्या 15 टक्के समांतर आरक्षणात जागा नाही आणि घरपट्टीतील सवलतही नाही. ज्याला मदतीची सर्वाधिक गरज आहे त्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या दारातूनच ‘तुम्ही आमच्या यादीत बसत नाही’ असे ऐकून परत फिरावे लागते.

आता मुख्य मुद्दा. चार लाल नोंदी झाल्या म्हणजे डिस्चार्ज झालाच पाहिजे, असा कायदा कोठेही नाही. आर्मी रूल्स, 1954 मधील नियम 13 नुसार असा आदेश काढण्याआधी, परिस्थिती अनुकूल असेल तर, ब्रिगेड किंवा सब-एरिया कमांडरने जवानाला आपली बाजू मांडण्याची संधी द्यायची असते. सेना मुख्यालयाने 28 डिसेंबर 1988 च्या पत्राने याची पुढची पद्धत घालून दिली. आधी प्राथमिक चौकशी करायची, आणि केवळ चार नोंदी झाल्या एवढ्याच कारणावरून काढायचे नाही. जवानाची सेवा किती झाली, तो कोणत्या खडतर ठिकाणी आणि कसल्या परिस्थितीत राहिला याचा विचार करायचा, आणि सेवेच्या हितासाठी अगदी अपरिहार्य असेल तेव्हाच डिस्चार्ज द्यायचा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2015 मध्ये वीरेंद्र कुमार दुबे विरुद्ध लष्करप्रमुख या प्रकरणात ही पद्धत बंधनकारक मानली. चौकशी न करता, नोंदी मोजून दिलेला डिस्चार्ज रद्द केला. मधल्या काळाचा पगार दिला नाही, परंतु पेन्शनला लागणारी सेवा पूर्ण होईपर्यंत तो जवान सेवेतच होता असे मानून त्याला पेन्शनचा हक्क दिला. मौद्याच्या जवानासारख्या माणसाला नेमके एवढेच हवे असते. वर्दी परत मिळावी असे त्याचे मागणे नसते.

समरी कोर्ट मार्शलने बडतर्फ झालेल्यांची स्थिती याहून बिकट आहे. तेथे जवानाचा कमांडिंग ऑफिसर हाच न्यायाधीश असतो, तो लेफ्टनंट कर्नल किंवा वरच्या हुद्द्याचा असेल तर बडतर्फीबरोबर एक वर्षापर्यंतची कैद देऊ शकतो, आणि आरोपीच्या मदतीला वकिलाऐवजी ‘फ्रेंड ऑफ द अ‍ॅक्यूज्ड’ म्हणून एखादा सहकारी बसतो. या पद्धतीत काय होऊ शकते हे रणजित ठाकूर प्रकरणात दिसले. सिग्नल रेजिमेंटमधील या जवानाने आपल्या अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार थेट वर पाठवली म्हणून त्याला 28 दिवसांची कैद झाली. त्या कैदेत असताना ‘जेवण घे’ हा हुकूम त्याने मानला नाही, म्हणून समरी कोर्ट मार्शल झाले आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार केली होती तोच अधिकारी त्या कोर्टात बसला. एका जेवणाला नकार दिल्याबद्दल एक वर्षाची सक्तमजुरी आणि बडतर्फी. सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये पक्षपाताची शक्यता आणि गुन्ह्याच्या मानाने अतोनात कठोर शिक्षा या दोन्ही कारणांवरून ती कारवाई रद्द केली. या निकालाचा उल्लेख आजही देशभरातील सेवाविषयक खटल्यांत होतो, पण ज्या फाटकांवर आणि गोदामांवर आमचे काढलेले जवान पहारा देतात तेथे तो कोणाला ठाऊक नाही.

येथे कोणी म्हणेल की शिस्तीशिवाय पलटण चालत नाही. ते मला पूर्ण मान्य आहे. उशिरा आलेल्या एका जवानामुळे दुसऱ्याची रजा अडते, हे मी ऑफिसात बसून वर्षानुवर्षे पाहिले आहे. ज्यांनी शस्त्र विकले, सहकाऱ्यावर हात टाकला किंवा सरकारी पैसा खाल्ला त्यांच्यासाठी मी एक ओळही लिहिणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की काढण्याआधी जी चौकशी सेनेने स्वतःच आवश्यक ठरवली ती झाली होती का, हे तपासून घेण्याचा जवानाला जो हक्क आहे, तो त्याच्या आवाक्यात असला पाहिजे.

तो आज आवाक्यात नाही. कोर्ट मार्शलच्या शिक्षेविरुद्ध सैनिकाला अपिलाची सोय नाही, ही उणीव सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये पृथीपाल सिंग बेदी प्रकरणात दाखवून दिली होती. ती भरून काढण्यासाठी 2007 चा कायदा झाला आणि 2009 मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरण सुरू झाले. डिस्चार्ज, पेन्शन आणि समरी कोर्ट मार्शलने दिलेली बडतर्फी हे तिन्ही विषय त्याच्या अधिकारात येतात. पण विदर्भासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे, म्हणजे येथून आठशे किलोमीटरहून दूर. तारीख पडली की रात्रीची गाडी, मुंबईत उतरून वकिलाकडे, दुपारी पुढची तारीख, पुन्हा रात्रीची गाडी. पहारेकऱ्याचा रोज बुडतो, दोनतीनदा गैरहजर राहिला की तीही नोकरी जाते. अर्जाची मुदत अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची आहे. घरी आलेला माणूस पहिले सहा महिने तोंड लपवण्यात घालवतो आणि नंतर कोणीतरी त्याला ‘आता मुदत गेली’ असे सांगून गप्प बसवतो.

वस्तुतः योग्य कारण दाखवले तर उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. पेन्शन हा दरमहा चालू राहणारा हक्क असल्याने जुन्या प्रकरणातही दाद मागता येते. मात्र थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये तरसेम सिंग प्रकरणात सांगितले आहे. याचा साधा अर्थ असा की उशिराचे प्रत्येक वर्ष त्या कुटुंबाच्या खिशातून जाते.

या संदर्भात अमेरिकेतील व्यवस्थेकडे पाहण्यासारखे आहे. तेथे डिस्चार्जला दर्जा दिलेला असतो, पूर्ण सन्मानाच्या डिस्चार्जपासून कोर्ट मार्शलने दिलेल्या अपमानास्पद डिस्चार्जपर्यंत, आणि खालच्या दर्जाचा डिस्चार्ज मिळालेल्या सैनिकाला तो दर्जा वाढवून मागता येतो. त्यासाठी प्रत्येक सेनादलात पुनर्विलोकन मंडळ आहे, ही मंडळे दुसरे महायुद्ध चालू असतानाच, 1944 च्या कायद्याने स्थापन झाली, आणि अर्जाची मुदत डिस्चार्जपासून 15 वर्षांची आहे. त्याहून जुन्या प्रकरणासाठी सेवानोंदी दुरुस्त करणारे वेगळे मंडळ आहे. सप्टेंबर 2014 मध्ये तेथील संरक्षणमंत्री चक हेगल यांनी या नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळांना आदेश दिला की, ज्याच्या गैरवर्तनामागे युद्धातील मानसिक आघात असू शकतो त्याच्या अर्जाचा उदार मनाने विचार करावा, कारण व्हिएतनाममध्ये लढलेल्या पिढीच्या वेळी या आजाराचे निदानच होत नसे. आपल्याकडे असे स्वतंत्र मंडळ नाही. बर्फातून उतरल्यावर दारूला लागलेल्या जवानाच्या शीटवर दारूची नोंद होते, त्याच्या झोपेची कोणी चौकशी करत नाही. अपंगत्व पेन्शनच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितले आहे की, भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेत उद्भवला तर तो सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे. हाच विचार शिस्तभंगाच्या नोंदी वाचतानाही व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

नागपूरला हे सगळे मागण्याचा पूर्ण अधिकार आहे. कामठीची छावणी 1821 ची आहे, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र तेथे आहे, वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय वायुसेना नगरात आहे, आणि विदर्भातील मुले पिढ्यान् पिढ्या महार रेजिमेंटसह अनेक पलटणींत भरती होत आली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ येथे आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचेही खंडपीठ येथे आहे. तहसील कार्यालयातील लिपिकाला निलंबनाविरुद्ध सिव्हिल लाइन्समध्ये दाद मागता येते, आणि सीमेवर राहून आलेल्या जवानाला मुंबई गाठावी लागते, हे कोणत्याही तर्काने समजत नाही. चंडीगड खंडपीठाची फिरती बैठक सिमल्याला आणि लखनौ खंडपीठाची नैनितालला झालेली आहे. तशीच मुंबई खंडपीठाची बैठक दर काही महिन्यांनी नागपुरात ठेवता येईल, त्यासाठी नवी इमारत बांधण्याचीही गरज पडणार नाही. विदर्भाच्या खासदारांनी संरक्षण मंत्रालयाकडे ही मागणी लेखी करावी.

तोपर्यंत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने निदान एक गोष्ट करावी. व्याख्येत न बसणाऱ्या जवानाचेही कागद महिन्यातून एकदा पाहून द्यावेत. विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला त्या दिवशी तेथे बसवावे.

ज्यांच्या घरी अशी पिशवी आहे त्यांना माझी विनंती आहे की डिस्चार्ज बुक, कारणे दाखवा नोटीस, तिला दिलेले उत्तर आणि डिस्चार्जचा आदेश हे चार कागद आधी वेगळे काढावेत. प्राथमिक चौकशीची प्रत आणि कंडक्ट शीट हाती नसेल तर आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकारात अर्ज करून ती मागवावी. सेनेकडे वैधानिक तक्रार केली नसेल तर ती करावी, सहा महिन्यांत उत्तर आले नाही तरी पुढचा मार्ग मोकळा होतो. अर्ज स्वतःच्या गावच्या पत्त्यावरून करता येतो, पलटण जेथे होती तेथे जावे लागत नाही. आणि या वेळी उत्तर दुसऱ्याकडून एका ओळीत लिहून घेऊ नये. रजा का वाढली, घरी काय झाले होते, कोणत्या चौकीवर किती काळ काढला, हे सगळे आपल्या शब्दांत, मराठीत का होईना, आधी कागदावर उतरवावे. वकील त्याचे भाषांतर करून घेईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सुभेदार (लेखनिक)
कामठी रोड, नागपूर