कोरं शब्दकोडं

प्रिय आई-बाबा,

फोनवर बाबांच्या तब्येतीचा विषय काढला की बाबा "माझं बरं चाललंय, तुझं सांग" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. चष्मा लावून दोघांनी एकत्र बसून वाचा.

दिवाळीत रद्दी बांधत होते ना, तेव्हा पेपर चाळले. बाबा, तुमचं शब्दकोडं गणपतीपर्यंत रोज पेनने भरलेलं, कुठे खाडाखोड नाही, आणि त्यानंतर सगळे चौकोन कोरे. एक-दोन ठिकाणी पहिला शब्द लिहून सोडून दिलेला. मी सुतळी हातात धरून तिथेच फरशीवर बसून राहिले. शब्द अडला तर मला झोपेतून उठवून विचारायचे तुम्ही! मग बाकीचंही दिसायला लागलं, पहाटे तीनला उठून अंधारात हॉलमध्ये बसणं, अर्धी पोळी पानात टाकणं, छातीत धडधडतंय, पोट साफ नाही म्हणून तपासण्या आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल. आई, तू म्हणतेस वय झालं. अगं वयाने गुडघे दुखतात, पण आवडीची गोष्ट नकोशी होणं हे वयाचं नाही. उतारवयात डिप्रेशन बरेचदा असंच येतं, रडारड नसते, अंगदुखी, अपचन, झोपमोड असं काहीतरी होऊन येतं आणि आपण पित्ताच्या गोळ्या घेत बसतो.

मला कसं माहिती, तर हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मी ऑफिसला पोचायचे आणि पार्किंगमध्येच अर्धा-अर्धा तास गाडीत बसून राहायचे, वर जायला पायच उचलायचा नाही. शेवटी मैत्रीण हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. गोळ्या आणि काउन्सेलिंग, दोन्ही. पहिले तीन आठवडे काहीच फरक नाही, मला वाटलं पैसे पाण्यात, मग एक दिवस भाजी चिरताना मी गुणगुणतेय हे माझंच मला ऐकू आलं. बाबा, ते वेड्यांचं औषध नाही आणि त्याची दारूसारखी सवयही लागत नाही, फक्त आपल्या मनाने बंद करायचं नाही. तुम्ही मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी आणता ती मात्र डॉक्टरांना दाखवायचीच, या वयात त्याने तोल जाऊन पडायची भीती असते.

आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडेच जाऊ. थायरॉइड आणि बी-१२ तपासून घेऊ, त्यात गडबड असली तरी माणूस असाच मलूल होतो. मग ते म्हणाले तर मानसोपचार तज्ज्ञ. आणि रात्री फारच जड वाटलं तर १४४१६ हा नंबर फ्रिजवर लावून ठेवा, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.

आई, तू बाबांना एकटं कसं सोडू म्हणून गुरुवारचं भजन बंद केलंस. ते परत सुरू कर, प्लीज. तू पण आतल्या आत किती दमलीयेस ते तुझ्या आवाजात कळतं मला.

शनिवारी येतेय. अपॉइंटमेंट घेतलेली नाही, बाबा, तुम्हाला विचारल्याशिवाय घेणारही नाही. फक्त नाही म्हणायच्या आधी एकदा मला फोन करा, आणि तो लगेच आईकडे देऊ नका.

तुमची,
ताई