तुंबाडचा पहिला खंड परत पाठवतेय

वेंगुर्ले,
२२ जून २०२५

प्रिय सुजाता,

सकाळपासून पाऊस धरून आहे. एक जूनपासून समुद्र बंद, होड्या वर ओढून झापांखाली ठेवल्यात, बंदरावर चिटपाखरू नाही. दुपारी वीज गेली ती अजून आलेली नाही. पडवीतल्या बाकावर, जेवढा उजेड येतोय तेवढ्यात लिहितेय. अक्षर लागलं नाही तर फोन कर, वाचून दाखवीन.

परवा तू विचारलंस, "ते वाचनाचं चॅलेंज अजून चालू आहे तुझं?" मी "हो" म्हटलं आणि तू लगेच विषय बदललास. मग भाताच्या पेरणीपासून तुझ्या गुडघ्यापर्यंत सगळं बोललो, पण ते मनात राहिलं. तेवढ्यासाठी हे पत्र.

तुला सुरुवातीचं माहीत आहे. २०२३मध्ये आमच्या गटाने ठरवलं, वर्षात ५२ पुस्तकं. गट एकोणीस जणांचा. कोणी नागपूरला, कोणी बेळगावात, एक मुलगी दुबईत. निम्म्यांना मी अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण कोण रात्री दोनला वाचतं आणि कोण शेवटचं पान आधी बघतं, हे मला ठाऊक आहे. एक तारखेला प्रत्येकाने महिन्याची पुस्तकं सांगायची, बाकीच्यांनी त्यातलं एक उचलायचं. मी ५२ पुरी केली. पण डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात अकरा वाचली, आणि ती अकराही मी जाडी बघून निवडली होती. कपाटापुढे उभी राहून पुस्तकाची पाठ अंगठ्याने मोजत होते. त्यातल्या सातांचं आज मला काहीही आठवत नाही. लिहिणाऱ्याने दोन-तीन वर्षं घालवली असतील आणि मी ते आकड्यासाठी गिळलं, याचं मला खरंच वाईट वाटतं. आकड्याचा नियम केला की पेंडशांचं 'तुंबाडचे खोत' कोणी हातात घेणार नाही. दोन जाडजूड खंड वाचायचे आणि यादीत त्याचं एकच पुस्तक धरायचं!

म्हणून गेल्या वर्षी आकडा टाकला आणि बारा चौकोन केले. तुरुंगात लिहिलेलं पुस्तक. १९०० सालाआधीचं पुस्तक. बाईचं आत्मचरित्र. शाळेत असताना आवडलं नव्हतं असं पुस्तक पुन्हा. अशाने माणूस आपल्या नेहमीच्या वाटेवरून बाजूला होतो. मी बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' वाचलं ते त्या चौकोनामुळेच. १८५७ सालचं पुस्तक, विधवांच्या हालांवर लिहिलेलं. भाषा जड आहे, पण दहा पानांनंतर कान सरावतो.

आणि 'आयदान'. ऊर्मिला पवारांचं हे पुस्तक २००३मध्ये आलं, आणि माझ्यापर्यंत पोचायला एकवीस वर्षं लागली. आपण दोघी कोकणातल्या, घरात पुस्तकं असलेल्या, आणि आपल्याला कोणी हे दिलं नाही. त्यांचं गाव फणसवळे, रत्नागिरीजवळचं. आई बांबूची आयदानं विणायची. सुरुवातीलाच डोक्यावर भारे घेऊन डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायका येतात. तसे डोंगर आपण एस.टी.च्या खिडकीतून शंभर वेळा पाहिले, हिरवेगार म्हणून कौतुक केलं. त्या वाटा पायाखाली घालणाऱ्या बायका आपल्या कोकणात नव्हत्याच. मी ते पुस्तक तीन दिवसांत वाचलं आणि आठवडाभर दुसरं काही उघडलं नाही. आईच्या माजघरातली सुपं, रोवळ्या, टोपल्या आठवत बसले. त्या कोणी विणल्या, ती बाई अंगणात कुठपर्यंत येत असे, तिला पाणी कसं दिलं जाई. मला आठवतंय, सुजाता. तुलाही आठवेल.

या वर्षीचं चॅलेंज मी सुचवलं. नाव 'वरून खाली'. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याने उतरत यायचं. पुस्तक किंवा लेखक त्या मुलखातला हवा, शक्य झाल्यास निदान दहा पानं त्या गावात बसून वाचायची, आणि पुस्तकात नसलेलं काय दिसलं ते बाकीच्यांना सांगायचं. नागपूरकर म्हणाले आम्ही कसे येणार? त्यांनी विदर्भाची आपली वाट आखली.

लेकाने मेमध्ये गाडीने पालगडला नेलं, साने गुरुजींच्या गावी. 'श्यामची आई' त्यांनी १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतली, बरीचशी चार-पाच दिवसांत लिहून झाली, हे वाचलं होतं. पण भिंतीआड बसलेल्या माणसाला पालगडचा प्रत्येक कोपरा, विहीर, परसातली भाजी इतकी स्वच्छ दिसत होती, हे त्या गावात उभं राहिल्यावर कळलं. घरी आले आणि शेजारच्या काकी म्हणाल्या, "इतकी पुस्तकां वाचतंस, माका एखादा वाचून दाखय गो." काकींना अक्षरओळख नाही. वय ऐंशीच्या पुढे. पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत, म्हटलं रोज एक रात्र.

आज सव्विसावी होईल. जेवणं झाली की काकी खोबरेल लावलेले पाय पुढे सोडून बसतात. अळणी भाजीची गोष्ट आठवते ना? आई मीठ घालायला विसरते आणि वडील काही न बोलता जेवून उठतात. ती वाचली तेव्हा काकी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या घोवान ताट भिरकावल्यान असता." एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी कुंपणापाशी येऊन विचारून गेल्या, "तेनी खराच काय बोलूक नाय?" मी शाळेत हे पुस्तक रडत वाचलं होतं, आईसाठी. काकींनी ते वडिलांसाठी ऐकलं. तेव्हापासून मलाही ते वडील वेगळे दिसतात.

मोठ्याने वाचलेलं पुस्तक यादीत धरायचं की नाही यावर गटात दोन दिवस वाद झाला. मी म्हटलं, माझं धरू नका, काकींचं धरा. तसं धरलं आहे. गटात आता वीस जण आहेत.

बाकीची ठिकाणं पटापट सांगते. मालगुंडला केशवसुतांच्या घरी गेले. ३९व्या वर्षी, १९०५मध्ये, प्लेगने गेलेला माणूस, आणि एवढ्या आयुष्यात मराठी कवितेची दिशा बदलून गेला. तिथे ओसरीवर बसून वाचायचं ठरवलं होतं, पण शाळेची सहल आली होती, नीट झालं नाही. पुन्हा जाणार. शिरोडं तर आमच्या शेजारचं. खांडेकर १९२० ते १९३८ तिथल्या शाळेत मास्तर होते. मी 'उल्का' नेली होती, १९३४ची, म्हणजे शिरोड्यातच असतानाची. अलंकार फार आहेत, दर पानावर एखादी उपमा थांबवते. तरी मिठागरांच्या कडेने चालताना वाटलं, या एवढ्याशा गावातून हा माणूस सगळ्या महाराष्ट्राशी बोलत होता, तेही टपालाने! परतताना आरवलीला उतरले, जयवंत दळवींच्या गावात. वेतोबाला केळी ठेवली आणि 'सारे प्रवासी घडीचे' देवळाच्या पायरीवर उघडलं. ते पुस्तक तिथे वाचावं. बाजूने जाणारा प्रत्येक माणूस पुस्तकातून उठून चालल्यासारखा वाटतो.

एक गोष्ट मात्र मी गटात कडक ठेवली आहे. पुस्तकांच्या पीडीएफ फिरवायच्या नाहीत. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजाराच्या आसपास निघते, ती संपायला वर्षं लागतात, आणि फुकटची फाईल एका रात्रीत तेवढ्याच फोनांवर जाते. मग दुसरी आवृत्ती कोण काढणार? लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, लक्ष्मीबाई टिळक १९३६मध्ये, त्यांची पुस्तकं खुशाल पाठवा. खांडेकर, खानोलकर १९७६चे, त्यांची नाही. आम्ही पुस्तकच पाठवतो, एकाकडून दुसऱ्याकडे, टपालाने. पहिल्या पानावर पेन्सिलीने गावाचं नाव आणि महिना लिहायचा. माझं 'रथचक्र' सहा गावं फिरून आलं. त्यातल्या बाईला लेखकाने नावच दिलेलं नाही, सगळीकडे नुसती 'ती'. दुबईच्या मुलीने समासात लिहिलंय, "माझी आजी."

आता जे लिहायचं होतं ते.

२२ जुलै २०२१च्या पुरानंतर पाचव्या दिवशी मी चिपळूणला तुझ्याकडे पोचले होते. वाशिष्ठीचं पाणी उतरलं होतं, गाळ होता. आपण दोघींनी फावड्याने पुस्तकं काढली. साधा कागद निदान पानापानाने सुटत होता. गुळगुळीत कागदाच्या दिवाळी अंकांच्या विटा झाल्या होत्या. तू दोरीवर चार-पाच पुस्तकं वाळत घातलीस, मग काढलीस आणि सगळी ढिगाऱ्यावर नेऊन टाकलीस. "आता घरात पुस्तक नको" म्हणालीस. मी काही बोलले नाही. तुझ्या आईने शिवलेली खाकी कव्हरं होती त्यांना. तेव्हा बोलण्यासारखं काही नव्हतंच.

चार वर्षं झाली. नव्या जागेत तू तिसऱ्या मजल्यावर आहेस आणि भिंती मोकळ्या आहेत. मी दर वेळी येते आणि बघते.

तुझं एक पुस्तक त्या पुरातून वाचलं आहे, हे मी तुला कधी सांगितलं नाही. 'तुंबाडचे खोत'चा पहिला खंड. २०२०च्या दिवाळीत मी तुझ्याकडून वाचायला आणला होता, टाळेबंदीच्या गडबडीत परत द्यायचा राहिला. दुसरा खंड तुझ्याकडे होता, तो गेला. पहिला माझ्या कपाटात चार पावसाळे आहे. सांगायचं धैर्य होत नव्हतं. वाटायचं, एकच उरलेलं पुस्तक बघून तुला उरलेल्यांची जास्त आठवण येईल. दर पावसाळ्यात मी तो बाहेर काढते, पंख्याखाली ठेवते, कपाटात वेखंड बदलते. कसर लागू दिलेली नाही. तुझ्या आईचं कव्हर आहे, तुझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. जगबुडी नदीचं वर्णन जिथे येतं तिथे तू समासात लिहिलंयस, "आमची नदी बरी." कधी लिहिलं होतंस? कॉलेजात असताना?

तो उद्या पाठवतेय. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून, पण आल्या आल्या पिशव्या काढ, आत दमट राहिलं तर बुरशी धरेल.

पेंडशांचं मुर्डी दापोलीत, तुंबाड खेड तालुक्यात जगबुडीच्या काठी. तुझ्या घरापासून तासाभराची वाट. 'वरून खाली'मधलं हे एकच ठिकाण मी राखून ठेवलंय. गटात ये असं मी म्हणत नाही. तुला एकोणीस अनोळखी माणसं नको असतील तर नकोत. तू आणि मी, एवढंच. रोज वीस पानं. मी माझ्याकडे नवीन प्रत आणली आहे, दोन्ही खंड. सोमवारी, ३० तारखेला सुरू करू. रात्री नऊला मी फोन करीन, वाचलं नसलंस तरी उचल.

दुसरा खंड मी टपालाने पाठवणार नाही. गणपती २७ ऑगस्टला आहेत. गौरी गेल्यावर घेऊन येते, आणि मग आपण दोघी खेडला जाऊ. गाडी नसली तर एस.टी.ने.

काकी आल्यात, कंदील घेऊन. सव्विसावी रात्र वाचायची आहे.

तुझी,
मंजिरी