लांबचा प्रवास फुटबॉलने करावा, व्हॉलीबॉलच्या मुलींनी कशाला?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या क्रीडाव्यवस्थेवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. मैदानं, प्रशिक्षक, शिष्यवृत्त्या यांबद्दल लिहिलेलं सगळं खरं आहे. 'आपणही हीच पद्धत उचलावी' या वाक्यापाशी मात्र मी थांबले. माझी मुलगी कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल संघात आहे आणि गेली काही वर्षं आमच्या घरात ज्या गोष्टीवरून सगळ्यात जास्त बोलणं होतं, ती त्या लेखात कुठेच नव्हती: प्रवास.

इथली विद्यापीठं 'कॉन्फरन्स' नावाच्या गटांत खेळतात. हे गट शेजारपणावर उभे राहिले होते. पश्चिमेकडच्या 'पॅक-१२' गटाची सुरुवात १९१५ची. त्यातली बर्कली आणि स्टॅनफर्ड ही विद्यापीठं तर बसने तासाभराच्या अंतरावर. जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए आणि यूएससी या दोन विद्यापीठांनी 'बिग टेन' गटात जायचं जाहीर केलं. मूळ बिग टेन शिकागोच्या आसपासच्या राज्यांचा. त्या ऑगस्टमध्ये बिग टेनने टीव्ही कंपन्यांशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरहून मोठा करार केला. पुढच्या वर्षी ४ ऑगस्टला, एकाच दिवसात, पॅक-१२ मधली आणखी पाच विद्यापीठं बाहेर पडली. २०२४च्या उन्हाळ्यात गटात उरली फक्त दोन.

स्टॅनफर्ड आणि बर्कली गेली 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स'मध्ये. पॅसिफिकच्या काठावरची विद्यापीठं अटलांटिकच्या गटात! वर टीव्हीच्या पैशातून पहिली सात वर्षं पूर्ण वाट्याच्या सुमारे ३० टक्केच. सॅन फ्रान्सिस्को ते बोस्टन विमानाने साडेपाच तास, आणि घड्याळ तीन तास पुढे.

हे सगळं झालं अमेरिकन फुटबॉलसाठी. टीव्हीचा पैसा मुख्यतः त्याचा. पण फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकच सामना खेळतो, तोही बहुधा शनिवारी, आणि मोसमात डझनभर सामने. व्हॉलीबॉलच्या मुली आठवड्याला दोन खेळतात. माझ्या लेकीचा संघ साध्या विमानाने, मध्ये एकदा विमान बदलून जातो. गुरुवारी निघायचं, शुक्रवारी एक सामना, रविवारी दुसरा, मध्यरात्रीनंतर घरी आणि सोमवारी सकाळी आठला रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल. एक परीक्षा तिने हॉटेलच्या खोलीत बसून दिली. तिने विद्यापीठ निवडलं तेव्हा आम्ही दोघं गाडीने बहुतेक सामन्यांना जाऊ शकू, असं धरून चाललो होतो. कराराच्या टेबलावर या मुलींचा विचार झाला नाही, याचा मला राग येतो.

आणि यावर उपाय नाही, असंही नाही. मुलांचं व्हॉलीबॉल बिग टेन आणि अटलांटिक या दोन्ही गटांत नाही. म्हणून यूसीएलए आणि स्टॅनफर्डचे मुलांचे संघ पश्चिमेच्याच एका वेगळ्या गटात, एकमेकांशी खेळतात. म्हणजे त्याच विद्यापीठात, त्याच खेळात, मुलं जवळपास खेळतात आणि मुली देश ओलांडतात. तिकडे नोत्र दाम विद्यापीठाचा फुटबॉल संघ कुठल्याच गटात नाही, बाकीचे बहुतेक संघ अटलांटिक गटात आहेत. फुटबॉल वेगळा काढता येतो, हे यावरून दिसतंच. त्याला टीव्हीच्या मागे हवं तिकडे जाऊ द्या. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकर, टेनिस यांचे गट पुन्हा शेजाऱ्यांचे करा.

मी स्वतः कॉलेजात असताना विद्यापीठाकडून खो-खो खेळले. पश्चिम विभागाच्या स्पर्धेला आम्ही स्लीपरच्या डब्यातून, चटणी-भाकरी बांधून जायचो. दोघींत एक बर्थ असायचा आणि उतरल्यावर शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोप. ती आबाळ मला परत नको आहे. आजच्या मुलींना नीट आरक्षण आणि नीट जेवण मिळायलाच हवं. पण असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजच्या स्पर्धांची आखणी मात्र शहाणपणाची वाटते: आधी विभागात खेळा, तिथून पुढे आलेल्या संघांनीच अखिल भारतीय स्पर्धेला जायचं. लांबचा प्रवास जिंकून मिळवायचा असतो. इथे तो दर पंधरा दिवसांनी वाट्याला येतो.

आपल्याकडे विद्यापीठांच्या खेळात टीव्हीचा पैसा यावा, असं मलाही वाटतं. तो आला तर कुठल्या खेळाच्या नावाने येतो आणि त्यासाठी बाकीच्या खेळाडूंची फरफट होते का, हे करारावर सही करायच्या आधी विचारलं जावं. पुरवणीत या विषयावर पुन्हा लेख येणार असेल, तर या मुलामुलींचे विमानातले तास आणि बुडलेले तासही त्यात मोजावेत, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया