आणखी तीन वर्षं

ती. आई आणि बाबा,
सा. न.

हे फोनवरच सांगणार होते. पण रविवारी आईने "गणपतीला येतेस ना?" विचारलं आणि माझा धीर झाला नाही. करारावर सही मी गेल्या मंगळवारीच केली. आणखी तीन वर्षं मी इथेच, इंग्लंडमध्ये, याच लॅबमध्ये राहणार आहे. आधी विचारायला हवं होतं, कळतं मला. पण विचारलं असतं तर बाबा "तुझं तू बघ" म्हणाले असते, आई गप्प झाली असती, आणि तिच्या गप्प होण्यापुढे माझ्याने सही झाली नसती.

दिवाळीला मात्र नक्की येते आहे. तिकीट काढलंय, चांगली तीन आठवड्यांची सुट्टी आहे.

आई, तू मागे विचारलंस, "त्या मिठातल्या जिवांत असं आहे तरी काय?" तेव्हा मी विषय बदलला, ते चुकलंच. आज नीट सांगते.

बाबा, 2020च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा तुम्ही पेपरचं कात्रण पाठवलं होतंत. पुण्याच्या आघारकर संस्थेने नंतर तपासून सांगितलं की तो रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या आर्कियांचा. मी ज्याच्यावर काम करते ते हॅलोफेरॅक्स त्याच घराण्यातलं, फक्त मृत समुद्राच्या चिखलात सापडलेलं. तुम्ही शिकवायचात तेव्हाच्या पुस्तकांत यांना जीवाणूच म्हणत. पण ते जीवाणू नव्हेत. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी 1977 साली दाखवून दिलं की ही जीवसृष्टीची वेगळीच शाखा आहे. आई, मिठात काही वाढत नाही म्हणून लोणचं टिकतं, असं तू म्हणायचीस ना? हे समुद्राच्या पाचेक पट खाऱ्या पाण्यात, 45 अंशांवर वाढतात. साधं पाणी घातलं की फुटतात. ट्यूबमधलं गुलाबी गढूळ पाणी बघता बघता नितळ होतं, आणि काडी बुडवून वर उचलली की तिला तार येते, तुझ्या एकतारी पाकासारखी. ती तार म्हणजे डीएनए. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुलाच हाक मारावीशी वाटली होती.

या डीएनएची प्रत कशी निघते, हा माझा विषय. ऑर्क नावाची प्रथिनं डीएनएवर ठरावीक जागी बसून सुरुवात कुठून करायची ते ठरवतात. मग एमसीएम नावाच्या प्रथिनाचं सहा तुकड्यांचं कडं डीएनएवर चढतं आणि त्याचे पेड वेणीसारखे उकलत जातं. प्रत काढणारं प्रथिन मध्येच सुटून पडू नये म्हणून त्याला पीसीएनए नावाच्या प्रथिनाची बांगडी धरून ठेवते. ही बांगडी तीन तुकड्यांची असते, आणि आरएफसी नावाचं प्रथिन एटीपीच्या, म्हणजे पेशीच्या इंधनाच्या, जोरावर ती उघडून डीएनएवर चढवतं. मावशीच्या लग्नात मी हात आखडून रडत होते आणि कासारकाकांनी बोटं दाबून हिरवा चुडा भरला, तू मागून माझं कोपर धरलं होतंस. हे चित्र पाहताना दर वेळी मला तेच आठवतं.

आणि ही सगळी मंडळी जीवाणूंसारखी नाहीत, आपल्यासारखी आहेत. आपल्या एमसीएमचे सहा तुकडे सहा वेगवेगळ्या प्रथिनांचे, यांचे सहाही एकाच प्रथिनाचे. म्हणजे आपलंच यंत्र, पण सुटसुटीत. एका जागेवरून एका फेरीत दोनदा सुरुवात होऊ नये यासाठी आपल्या पेशींत कडक पहारा असतो, आणि तो ढिला पडण्याचा संबंध कर्करोगाशी आहे. आत्याच्या वेळचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. माझ्या कामातून औषध निघेल असं मी म्हणत नाही. पण तो पहारा समजून घ्यायचा तर सुरुवात अशा साध्या यंत्रापासून करावी, असं मला मनापासून वाटतं.

2013 साली कळलं की हॅलोफेरॅक्सच्या मुख्य गुणसूत्रावरच्या, प्रत सुरू होण्याच्या सगळ्या जागा कापून टाकल्या तरी ते मरत नाही, उलट थोडं जास्त वेगाने वाढतं. फक्त मग डीएनएची तुटफूट जोडणाऱ्या राडए प्रथिनावाचून त्याचं चालत नाही. मी या जागा असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही वाणांत एमसीएमचं प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी करून काय होतं ते पाहणार आहे. हे वाण तयार करण्यातच दीड वर्ष गेलं. आता कुठे मोजायला सुरुवात होते आहे, आणि आत्ता उठून आले तर ते कुणा दुसऱ्याच्या हाती जातील. ते मला सोडवत नाही.

माझी काळजी करू नका. खोलीत हीटर आहे, कुकर आहे, ज्वारीचं पीठही मिळतं. भाकरी अजून कडेला चिरते, पण फुगते. रात्री उशीर झाला तर टॅक्सीनेच घरी येते.

आता मी सांगते ते दोघांनी ऐका. बाबा, बीपीची गोळी रोज सकाळी, "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. आई, त्यांच्या ताटात डावीकडे मीठ वाढणं बंद कर. पापड आणि लोणचंसुद्धा. त्यांना चिडू दे, मला फोन लावून दे. बाथरूमला दांडा या आठवड्यात बसवून घ्या, पैसे पाठवलेत, ते बँकेत ठेवायला नाहीत. आणि आई, गुडघा दुखत असताना गच्चीवर वाळवण घालायला चढू नकोस.

बाबा, लोणारच्या उतारावर माझी चप्पल तुटली तेव्हा तुम्ही मला पाठंगुळीला घेऊन अख्खा चढ चढला होतात. दिवाळीत पुन्हा तिथे जाऊ, पण या वेळी खाली उतरायचं नाही, काठावरच बसू. डबा मी करीन, अळणी.

राग आला असेल तर या रविवारी फोन घेऊ नका, मी पुढच्या रविवारी परत करीन. आणि आई, दिवाळीत आपण दोघी कासाराकडे जाऊ. माझं माप अजून सव्वादोनच आहे.

तुमची,
छकुली