बाबांचा पट्टा आणि आईची पिशवी

फ्लोरेन्स

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

आई, दोन शनिवार फोन का उचलला नाहीस म्हणून तू काल विचारलंस. तेव्हा सांगितलं असतं तर बाबा मधेच "कशाला खर्च करतेस" म्हणाले असते आणि विषय तिथंच मिटला असता. म्हणून लिहिते आहे. दोन्ही शनिवार मी तुमच्यासाठी खरेदी करत होते.

बाबा, गेल्या दिवाळीला मी पाठवलेला पट्टा चार महिन्यांत सोलपटला, हे तुम्ही मला कळू दिलं नाहीत. दादानं सांगितलं. तुम्ही तो गुपचूप कपाटात ठेवलात आणि परत जुनाच वापरायला काढलात. मला फार वाईट वाटलं. तो मी इथल्याच एका बाजारात घाईघाईत घेतला होता, दुकानदार "अस्सल चामडं" म्हणाला आणि मी विश्वास ठेवला. आता कळतं की तो चामड्याच्या चुऱ्यात डिंक घालून दाबलेला तुकडा होता, वर नुसता ठसा. खरं चामडं ओळखायचं तर कापलेली कड बघायची. तिथं बारीक तंतू दिसतात, कडेपासून आतपर्यंत सगळं एकजीव असतं. थर दिसले की समजायचं. तुम्ही चप्पल घेताना तळ वाकवून, कड अंगठ्यानं दाबून बघता, तेच मी इथं करायला हवं होतं.

या वेळी मी सान्ता क्रोचे चर्चच्या भागात गेले. मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ यांच्या समाध्या याच चर्चमध्ये आहेत. त्या भागातल्या गल्ल्यांची नावंच बघा: एक विया देल्ले कोंचे, म्हणजे कातडी कमावणाऱ्यांची गल्ली, आणि दुसरा कोर्सो देई तिंतोरी, म्हणजे रंगाऱ्यांचा रस्ता. शेजारून आर्नो नदी वाहते, आणि या धंद्यांना पाणी लागतंच. चर्चच्या मागच्या अंगाला 1950 मध्ये तिथल्या साधूंनी दोन चामडेकारागीर घराण्यांच्या मदतीनं एक शाळा काढली. युद्धात आईवडील गमावलेल्या मुलांच्या हाती हुन्नर यावा, एवढाच हेतू. ती शाळा अजून चालू आहे. आत शिरले आणि जो वास आला ना बाबा, तो थेट आपल्या कोल्हापूरच्या चप्पल लाइनीतला! पहिल्या पगारातून तुम्ही मला पायताण घेऊन दिलं होतंत, तो दिवस आठवला आणि मी थोडा वेळ तशीच उभी राहिले.

वास सारखा असण्याला कारण आहे. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावतात. इथं नदीच्या खालच्या अंगाच्या गावांत चेस्टनट, मिमोसा, केब्राचो अशा झाडांचा अर्क वापरतात. क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावायचं काम दिवसभरात आटोपतं, पण झाडाच्या अर्कात कातडं मुरायला आठवडे लागतात. असं चामडं सुरुवातीला थोडं ताठ असतं, मग उन्हानं, हातानं, घामानं त्याचा रंग हळूहळू गडद होत जातो. तुमच्या जुन्या कापशी चपलेचा झाला आहे तसा. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादा या इथल्या बड्या कंपनीच्या मॉडेल्सच्या पायात आपली कोल्हापुरी दिसली आणि तुम्ही रागानं रात्री फोन केला होतात. नंतर त्यांनी प्रेरणा कोल्हापुरीचीच असल्याचं मान्य केलं. पण तुमचा राग खरा होता, आणि इथल्या चामडं शिवणाऱ्या माणसांना मी तो सांगते तेव्हा त्यांना तो लगेच कळतो.

पट्टा मी शाळेत घेतला नाही. जवळच्याच एका गल्लीत एक म्हातारा कारागीर बसतो, त्याच्याकडून कापून घेतला. इथं पट्ट्याचं माप पूर्ण लांबीचं नसतं, बक्कलापासून मधल्या भोकापर्यंतचं असतं. म्हणून मी दादाला तुमच्या जुन्या पट्ट्याचा फोटो मागितला होता. फोटोत दिसलं की नेहमीच्या भोकांच्या आत तुम्ही खिळ्यानं आणखी तीन भोकं पाडली आहेत. बाबा, ऑपरेशननंतर तुम्ही एवढे वाळलात हे मला त्या तीन भोकांनी सांगितलं. फोनवर तर दर वेळी "मी मस्त" असतं.

कारागिरानं फोटो निरखून बघितला, काही बोलला नाही. आपल्या रापीसारख्याच पात्यानं एका ओढीत पट्टी कापली, कडा घासल्या, मेण लावून कापडानं इतक्या चोळल्या की काचेसारख्या गुळगुळीत झाल्या. मग भोकांच्या पंचावर हातोडी धरून विचारलं, आतल्या बाजूला जास्तीची पाडू का? मी म्हटलं, आत एकच, बाहेरच्या बाजूला तीन. तो हसला आणि तशीच पाडली. तेव्हा बाबा, ती बाहेरची भोकं वापरायची आहेत. डॉक्टरांनी सांगितलेलं अंडं आणि दूध बंद करू नका.

आई, तुझं काम जास्त अवघड होतं. तुझी रेक्झिनची पर्स सेफ्टी पिनवर चालली आहे हे मला माहीत आहे. आधी वाटलं, चांगली चामड्याची पर्स घ्यावी. पण तू अंबाबाईला जाताना कातड्याची वस्तू नेणार नाहीस, आणि तुझ्या खांद्याला ते ओझं सोसणारही नाही. सोन्याचा विचार केला. इथल्या पोंते वेक्यो पुलावर बहुतेक सोनारांचीच दुकानं आहेत. पूर्वी तिथं खाटीक बसत, 1593 मध्ये इथल्या ग्रँड ड्यूकनं, म्हणजे तेव्हाच्या राज्यकर्त्यानं, त्यांना उठवून सोनारांना बसवलं. पण इथलं सोनं बहुतेक 18 कॅरेटचं, 750 चा शिक्का. तुला 22 ची सवय, आणि गुजरीतल्या आपल्या सोनाराच्या हातचा साज सोडून हे तुला आवडलं नसतं. विया तोर्नाबुओनीच्या बड्या दुकानांच्या काचा फक्त बघितल्या.

मग एकीनं सिन्या गावाचं नाव सांगितलं. फ्लोरेन्सजवळच आहे, आगगाडीनं जाता येतं. तिथं गव्हाच्या काडाचं काम चालतं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून! टोप्यांसाठी म्हणून मुद्दाम गहू पेरत. दाट पेरायचा म्हणजे काड बारीक राहतं, आणि दाणा पिकायच्या आधीच उपटायचा. मग उन्हात घालून पांढरं करायचं, वेणी घालायची आणि ती वेणी गोल गोल शिवत जायची. गावात त्याचं संग्रहालयही आहे. तुझ्या माहेरी सुगीनंतर काडाशी खेळायचात, ते तू सांगायचीस, मला तेच आठवत राहिलं. तुझ्यासाठी तिथली पिशवी घेतली आहे. वेणी सात पेडांची आहे, मी मोजली. उचलून बघ, फुलासारखी हलकी. चष्म्याचं घर, गोळ्यांची डबी, पासबुक आणि पाण्याची लहान बाटली मावते, मी या सगळ्याच्या मापाच्या वस्तू घालून बघितल्या. देवळातही नेता येईल.

वहिनीला सांगा, तिनं म्हटलेली मोठ्या कंपनीची पर्स मी रस्त्यावरून आणणार नाही. नकली माल घेणाऱ्यालाही इथं दंड होतो, 7,000 युरोपर्यंत. तुम्ही सगळे इकडे आलात तर जानेवारीत किंवा जुलैत, सेलच्या दिवसांत या. शिवाय बाहेरच्या देशातून आलेल्यांना एका दुकानात 70 युरोंच्या वर खरेदी केली तर करातला काही भाग विमानतळावर परत मिळतो. पासपोर्ट जवळ ठेवायचा आणि दुकानातून कर परत मिळण्याचा कागद न विसरता मागून घ्यायचा.

आता महत्त्वाचं. दोन्ही वस्तू "चांगल्या आहेत" म्हणून गोदरेजच्या कपाटात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका. झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्याला हवा लागते. आपल्या पावसात प्लॅस्टिकमध्ये त्याला आठ दिवसांत बुरशी येईल. पट्टा रोज वापरा, ओला झाला तर सावलीत वाळवा, चुलीजवळ किंवा उन्हात नको. महिन्यातून एकदा किंचित मेण. पिशवी भिजवू नका आणि तिच्यावर काही ठेवून चेपवू नका. काड मोडलं की जुळत नाही.

माझ्या ऑफिसमधला एक मुलगा येत्या आठवड्यात पुण्याला येतो आहे. दादाला त्याच्याकडून घ्यायला सांगितलं आहे. पट्टा लावल्यावर बाबांचा फोटो पाठव, आई, आणि कितव्या भोकात लागला तेही लिही.

तुमची,
धाकटी