वाड्यांचे फोटो आतूनही काढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारी सकाळी कसबा, शनिवार, बुधवार पेठेत कॅमेरे आणि मोबाईल घेऊन फिरणारी पोरंपोरी हल्ली बरीच दिसतात, ते बघून खरंच बरं वाटतं. पण सगळ्यांचे फोटो तेच तेच. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, मंडईचा मनोरा, विश्रामबागवाड्याचा सज्जा. १८०७ चा तो वाडा, त्याचे सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब आणि कोरलेली केळफुलं आहेतच देखणी, त्याबद्दल वाद नाही, पण त्याचे फोटो ढिगाने आहेत आणि तो कुठे जात नाहीये. शेजारच्या बोळातला दोन चौकांचा वाडा, ज्याच्यावर बिल्डरचा बोर्ड लागलाय, त्याच्याकडे कोणी मान वर करूनही बघत नाही.

तो पाडला की खांब आणि तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात आणि तिथून कुठल्यातरी रिसॉर्टमध्ये लागतात. पण भिंतीत सरकणारा दिंडी दरवाज्याचा अडसर, पणत्यांच्या काजळीने काळा झालेला कोनाडा, पाय लागून लागून मधे खोलगट झालेली ओटीची पायरी, हे कोण घेणार, ते राडारोड्यात जातं. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये जिथे मुलींची शाळा सुरू केली तो भिडेवाडासुद्धा शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये पाडला, आता तिथे स्मारक होईल, चांगलंच आहे, पण ज्या वाड्यांचं स्मारक होणार नाही त्यांचं निदान चित्र तरी राहू दे ना.

फोटो काढणाऱ्यांना एक सांगायचंय. बोळात मागे सरकायला जागाच नसते आणि मोबाईलच्या पॉइंट फाईव्हवर, म्हणजे रुंद लेन्सवर, काढलं की खांब कडेला वाकतात, त्यापेक्षा समोरच्यांना विचारून त्यांच्या गॅलरीतून काढा नाहीतर सरळ तुकड्यातुकड्याने काढा. चौकात ऊन भर दुपारीच उतरतं, तेव्हा जा. कडीपाटाचं लाकडी छत, जिना, माजघर सगळं घ्या, आणि फोटोबरोबर पेठ, घर नंबर, तारीख लिहून ठेवा, नाहीतर दहा वर्षांनी कुठला वाडा ते तुम्हालाही सांगता येणार नाही. आणि आत शिरताना विचारून शिरा, तिथे लोकं राहतात, आजी चौकात धान्य निवडत बसलेल्या असतात, त्यांच्यासमोर प्री-वेडिंगची पोज देणं बरोबर नाही. नीट विचारलं तर बहुतेक जण आत बोलावतात, वर जुना अल्बमही काढून दाखवतात.

ते अल्बम तर फार मोलाचे आहेत. १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे गेले, ते आज मुंजीच्या आणि लग्नाच्या फोटोंमध्ये माणसांच्या मागे उभे दिसतात. आपल्या पेपरने आठवड्याला एक चौकोन अशा फोटोंसाठी ठेवावा, वाचक घरचे फोटो स्कॅन करून पत्त्यासकट पाठवतील. आमच्या घरातले मी पहिल्याच आठवड्यात पाठवतो.

– एक वाचक, नारायण पेठ, पुणे